ललिता पवारांचं काम बघताना डोळ्याकडे बघू नकोस

प्रश्न असा आलाय: "ललिता पवारांचं हिरॉईनचं करिअर भगवानदादांच्या एका थपडेनं संपलं, डोळा बिघडला म्हणून त्या खाष्ट सासू झाल्या, असं सगळीकडे वाचलंय. मग चेहरा असा झाल्यावर पुढे इतकी वर्षं त्या टिकल्या कशा? मी एकांकिका केल्यात, आता मालिकेत छोटे कॅरेक्टर रोल मिळतायत. त्यांचे सिनेमे बघताना नेमकं काय बघू?"

मी स्वतः नाटकात आणि मालिकांमध्ये आत्या, मावश्या, सासवा, हॉस्टेलच्या वॉर्डन असलंच सगळं करत आलेय, शिबिरात नवीन मुलींना शिकवते पण. त्यामुळे हा माझा आवडता विषय आहे आणि उत्तर लांबणार, चहा करून बस.

आधी ती थप्पड बाजूला करू, कारण ती मध्ये असली की माणसं पुढचं काही बघतच नाहीत. घटना खरी आहे. १९४२ साल, 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग, सीनमध्ये भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती, ती जोरात बसली, चेहऱ्याची नस दुखावली, चेहरा एका बाजूनं लुळा पडला, उपचार लांबले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. भगवानदादा अंगानं दणकट, त्यांनी काही आकसानं केलं असं कुणी म्हणत नाही. आज सेटवर थप्पड म्हणजे हिशोबाचं काम असतं. कॅमेरा कुठे आहे ते आधी बघायचं, मारणाऱ्याचा हात गालापासून चांगला वीतभर लांबून जातो, खाणाऱ्यानं बरोबर त्याच क्षणी मान झटकायची, आणि आवाज नंतर एडिटला टाकतात. खरं काम मान झटकणाऱ्याचं असतं, मारणारा फक्त हात फिरवतो. तरी अजूनही एखादा हिरो "खरी मारू का, फील येईल" म्हणतोच, त्याला तिथल्या तिथे नाही म्हणायला शीक, लाजू नकोस, हा फुकट सल्ला.

तर घटना खरी, पण तिच्यावरून जी गोष्ट रचलीय ती मला कधी पटली नाही. पहिलं म्हणजे सांगतात की तीन वर्षं त्या उपचारात होत्या आणि सगळं संपलं होतं. आता हिशोब कर, १९४४ ला प्रभातचा 'रामशास्त्री' आला, गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिताबाई आनंदीबाई. म्हणजे थपडेनंतर दोनेक वर्षांत त्या प्रभातसारख्या कंपनीच्या मोठ्या सिनेमात उभ्या आहेत, आणि भूमिका कुठली तर मराठी माणसाला शाळेपासून पाठ असलेली, 'ध'चा 'मा' करणारी. वय अठ्ठावीस. संपलेल्या बाईला आनंदीबाई देत नाहीत गं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. समज थप्पड बसलीच नसती, तर काय झालं असतं? लीला चिटणीसांकडे बघ. बॉम्बे टॉकीजच्या मोठ्या हिरॉईन, १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या आपल्याकडच्या पहिल्या नट्यांपैकी, सुशिक्षित, देखण्या, चेहऱ्याला काही म्हणता काही झालेलं नाही. त्या १९४८ च्या 'शहीद'मध्ये दिलीपकुमारच्या आई झाल्या, १९५१ ला 'आवारा'त राज कपूरच्या. मूकपटाच्या नाहीतर सुरुवातीच्या बोलपटाच्या काळात हिरॉईन झालेल्या बायकांना स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईच्या सिनेमात आईपणाशिवाय दुसरं दार फारसं उघडं नव्हतंच. त्यात पगारी कंपन्या मोडल्या. आधी नट महिन्याच्या पगारावर एका कंपनीत असायचे, दुसऱ्या महायुद्धानंतर सगळे फ्रीलान्स झाले, पैसा दोन-चार हिरोंकडे आणि तितक्याच हिरॉईनींकडे जायला लागला, बाकीच्यांनी सिनेम्यामागे सिनेमे करून पोट भरायचं. ललिताबाई त्या दारापाशी चार-सहा वर्षं आधी पोचल्या, एवढंच थपडेनं केलं असं माझं मत आहे. आणि आधी पोचल्या म्हणून बाकीच्या येईपर्यंत त्यांचं बस्तान बसलं होतं, हेही म्हणता येईल.

थपडेआधीची बाई कोण होती हेही जरा बघ, कारण "बिचारी" म्हणून जी प्रतिमा आहे ना ती अजिबात खरी नाही. १८ एप्रिल १९१६ चा जन्म, पैठणीच्या येवल्याचा, मूळचं नाव अंबा सगुण, वडील कापड-रेशमाचे व्यापारी. १९२८ मध्ये पुण्यातल्या आर्यन फिल्म कंपनीत बारा वर्षांची पोर 'राजा हरिश्चंद्र'मध्ये काम करते, महिन्याला अठरा रुपयांवर असं सांगतात. मग मूकपट, स्टंटपट, १९३५ चा 'हिंमत-ए-मर्दां', ज्यात स्वतःची गाणी स्वतः म्हटलीयत कारण प्लेबॅक तेव्हा रुळला नव्हता. 'कैलाश' हा मूकपट १९३२ चा, त्यात पैसे घालून निर्माती झाल्या, वय सोळा! नंतर टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'वरून 'दुनिया क्या है' काढला, तोही निर्माती म्हणून. मराठीत भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', मास्टर विनायकांचा 'अमृत'. लग्नं, संसार, त्यातली दुःखं यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, मी त्यात जात नाही, कामाशी संबंध नाही.

कामाशी संबंध असलेली गोष्ट ही की ही बाई आवाज नसलेल्या सिनेमात काम शिकली. मूकपटात राग, लाज, कपट, सगळं हातांनी आणि खांद्यांनी सांगायला लागायचं, पडद्यावर संवादाची पाटी मग येणार. नंतर बोलपट आला तेव्हा बऱ्याच जणांचे ते हातवारे तसेच राहिले आणि विचित्र दिसायला लागले. ललिताबाईंनी हातवारे काढून टाकले पण हात ठेवले. पन्नासच्या दशकातला कुठलाही सिनेमा काढ, त्यांच्या हातात कायम काहीतरी चालू असतं, पदर, किल्ल्या, चष्मा, भाजी, आणि ते चालू असताना वाक्य येतं. मालिकेत नवीन मुली येतात त्यांना वाक्य पाठ असतं पण हात कुठे ठेवायचे कळत नाही, दोन्ही हात समोर बांधून उभ्या राहतात गणवेशातल्या मुलीसारख्या.

आता मूळ प्रश्नावर येते, टिकल्या कशा. माझं उत्तर असं, त्या समोरच्याचा सीन उभा करायच्या. डोळा, खाष्टपणा हे सगळं नंतर.

'श्री ४२०' (१९५५) मधली केळेवाली गंगामाई घे. राज कपूर मुंबईत नवा आलाय आणि केळी घेताना तिच्याशी घासाघीस करतोय, किती आण्यांना किती केळी, आणि तो आकड्यांची अशी उलटापालट करतो की तिला कळेनासं होतं आपण महाग देतोय की स्वस्त. हसू राजला मिळतं. पण ते मिळतं का, तर गंगामाई त्या केळ्यांसाठी मनापासून भांडतेय. तिला हा विनोद आहे हे माहीतच नाही. तिनं एक जरी नजर 'बघा हं, आता गंमत होणारे' अशी टाकली असती तर सीन पडला असता. आपण नाटकात म्हणतो ना, लाफ्टर दुसऱ्याचा पण पास आपला, तो पास देणं फार अवघड. कारण टाळ्या तुला नसतात आणि पास चुकला तर मात्र शिव्या तुलाच.

त्याच वर्षी 'मिस्टर अँड मिसेस ५५'. इथे त्या सीतादेवी, मधुबालाची श्रीमंत, इंग्रजी वळणाची, घटस्फोटाच्या कायद्यासाठी सभा घेणारी आत्या. मृत्युपत्रातल्या अटीमुळे भाचीचं ठरावीक मुदतीत लग्न व्हायला हवं म्हणून एक कडका तरुण पैसे देऊन नवरा म्हणून आणायचा, लग्न लावायचं आणि लगेच घटस्फोट घ्यायचा असा तिचा बेत. गुरुदत्त मुलाखतीला येतो. ती विचारते, तुम्ही कम्युनिस्ट आहात का, आणि तो सांगतो, नाही, कार्टूनिस्ट. लेखक अब्रार अल्वींचं हे वाक्य आजही लोकांना पाठ आहे आणि सगळे ते गुरुदत्तचं म्हणून सांगतात. मी शिबिरात हा तुकडा दाखवते आणि विचारते, आता प्रश्न परत ऐका, उत्तर नको. प्रश्नात खरा संशय आहे, वरच्या वर्गातल्या बाईची किळस आहे, फाटका माणूस आणि वर तोंड चालवतो म्हणजे लाल बावट्यावालाच असणार हा हिशोब आहे. हे सगळं एका प्रश्नात बसवलंय म्हणून उत्तर फुटतं फटाक्यासारखं.

जाता जाता, तो सिनेमा सीतादेवीवर अन्याय करतो असं मला दर वेळी वाटतं. १९५५ म्हणजे हिंदू विवाह कायदा झाला ते वर्ष, बाईला घटस्फोट मागता यावा म्हणणारी बाई सिनेमात खलनायिका आणि मार खाऊनही नवऱ्याचे पाय धरणं म्हणजे सुख, असं मधुबालाला खेड्यात नेऊन शिकवायचं. डोकं फिरतं. पण ललिताबाईंनी सीतादेवीला कार्टून केलेलं नाही, ती स्वतःच्या मुद्द्यावर ठाम आहे, हुशार आहे, भाचीवर प्रेम आहे तिचं, आणि आज बघताना निम्म्या वेळा तीच बरोबर वाटते. लेखक-दिग्दर्शकानं भूमिकेला तोलून दिलेलं नसतं तेव्हा नटीनं काय करायचं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता १९५९ वर येऊ. तुला काहीच बघायला वेळ नसेल तर फक्त या एका वर्षाचे दोन सिनेमे बघ, 'अनाडी' आणि 'सुजाता'. दोन्हीत नूतन हिरॉईन, दोन्हीत ललिता पवार. 'अनाडी' हृषिकेश मुखर्जींचा, 'सुजाता' बिमल रॉय यांचा. एकाच वर्षी, तोच चेहरा, तोच बारीक डोळा.

'सुजाता'त त्या बुआजी, म्हणजे घरातली म्हातारी आत्या. ब्राह्मण घर, त्यात अस्पृश्य आईबापांची पोर लहानपणापासून वाढलीय, बुआजींना ती घरात नकोच आहे, नातवासाठी घरची सख्खी मुलगी रमाच हवी. (मजा बघ, सिनेमा बंगाली घरातला, आणि त्या घरात सुलोचनाबाई, ललिताबाई, शशिकला, आणि शोभना समर्थांची नूतन, निम्मं घर मराठी.) बुआजी ओरडत नाही. ती प्रेमळ आजी आहे, रमाचे लाड करते, घराची काळजी करते, आणि त्याच प्रेमळ आवाजात सुजाताला बाजूला सारते. मला लहानपणी अशा आज्या माहीत होत्या, हातावर लाडू ठेवणाऱ्या, आणि कामवालीच्या पोरीला तोच लाडू वरून टाकणाऱ्या, हात न लागेल असा. त्यांना आपण काही वाईट करतोय असं वाटतच नसायचं. ललिताबाईंनी तेच धरलंय. कपाळाला आठी घालून, दात-ओठ खाऊन केली असती तर आपण 'दुष्ट बाई' म्हणून सुटलो असतो.

आणि मग 'अनाडी'तली मिसेस डिसा. ख्रिश्चन घरमालकीण, राज कपूर तिचा भाडेकरू, बेकार, भोळा, भाडं थकलेलं. ती त्याला सकाळ-संध्याकाळ झाडते, आणि जीव टाकते त्याच्यावर. हे 'वरून काटेरी आतून गोड' पात्र आपण हजार वेळा पाहिलंय, मालिकेत तर दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एक असते, आणि बहुतेक वेळा ते खोटं वाटतं कारण नटी ओरडताना मध्येच डोळ्यातून सांगून टाकते की मी मनानं चांगलीय हं. मिसेस डिसा असं काही सांगत नाही. ती झाडते तेव्हा खरंच वैतागलेली असते. माया वेगळ्या जागी दिसते, त्याच्यासाठी काही करताना, कामात. पुढे ती तापानं आजारी पडते, आणि मोतीलालच्या कंपनीच्या खराब औषधानं मरते, आळ येतो राजवर. म्हणजे बघ, सिनेम्याचा शेवटचा अख्खा भाग, कोर्ट, मोतीलालच्या मनाची टोचणी, सगळं एका गोष्टीवर उभं आहे की आपल्याला ही म्हातारी आवडली होती का नाही. नसती आवडली तर कोर्ट म्हणजे नुसती बडबड. 'म्हातारी' म्हणतेय पण ललिताबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या, राज कपूर त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनीच लहान. ('दाग'मध्ये, १९५२, दिलीपकुमारची आई झाल्या तेव्हा तर छत्तीस, आणि मुलगा सहा-सात वर्षांनी लहान!) डिसाच्या भूमिकेला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, आणि १९६१ ला त्यांना संगीत नाटक अकादमीचंही.

तर मला सांग, डोळ्यामुळे त्या दुष्ट दिसायच्या म्हणणाऱ्यांना हे दोन सिनेमे लागोपाठ दाखवल्यावर काय बोलता येईल? तोच डोळा बुआजीत थंड वाटतो आणि डिसात थकलेला, मायाळू. डोळ्यात काही नव्हतं. जे होतं ते आपण कथेतून आणि त्यांच्या आवाजातून डोळ्यात भरत होतो.

आवाज हे खरं शस्त्र. हे तुला कानानंच कळेल. मोबाईल पालथा ठेव आणि चार सिनेमांतली त्यांची पाच-पाच मिनिटं नुसती ऐक, रेडिओवरच्या श्रुतिकेसारखी. सीतादेवीचं हिंदी तुटक, हुकूम सोडणारं, वाक्याचा शेवट खाली आपटणारं. गंगामाईचं रस्त्यावरचं, लांबवलेलं, घसा बसलेलं. बुआजीचं मऊ, पानाचा तोबरा असल्यासारखं सावकाश. डिसाचं मुंबईच्या ख्रिश्चन वस्तीतलं, भरभर आणि मध्येच श्वास घेणारं. अॅक्सेंटचा खेळ कुठेच नाही, 'बघा मी कशी ख्रिश्चन बोलते' असं नाही. फक्त लय बदलतात. बाई वेगळी, म्हणून तिचा श्वास वेगळ्या जागी तुटतो, बास. आपल्याकडे मालवणी किंवा वऱ्हाडी भूमिका मिळाली की नट दोन-चार शब्द उचलतात आणि लय पुण्याचीच ठेवतात, ते कानाला लगेच लागतं.

सासवांबद्दल पण बोलायलाच हवं, नाहीतर म्हणशील मुद्दा टाळला. केल्या, भरपूर केल्या, शांतारामांच्या 'दहेज'मधली (१९५०) सुनेला हुंड्यासाठी छळणारी, 'नीलकमल'मधली जिथे शशिकला जोडीला आहे आणि दोघी मिळून वहिदा रेहमानला जगू देत नाहीत. यातल्या काही सरळ साच्यातल्या आहेत, त्यात मी काही खास शोधायला जाणार नाही, तूही जाऊ नकोस. सातशेच्या आसपास सिनेमे केले असं छापतात, इतकं काम केलं की काही काम नुसतं कामच असणार, शिफ्ट संपवून घरी जायचं, चेक घ्यायचा. त्याची लाज बाळगायचं कारण नाही, आपण सगळ्या तेच करतो. पण साच्यातही एक गोष्ट त्या पाळायच्या. छळणाऱ्या सासूला काहीतरी हवं असायचं, पैसे, मान, मुलावर ताबा, आणि त्या ते मिळवायच्या मागे लागायच्या. नुसतं दुष्ट असणं ही काही कृती होत नाही, कॅमेऱ्यासमोर तर नाहीच. क्लोजअपमध्ये नुसतं दुष्ट दिसायला गेलीस की बद्धकोष्ठ झाल्यासारखी दिसशील, स्पष्टच सांगते.

साचा उलटवायची संधी मिळाली की मात्र सोडली नाही. 'जंगली'त (१९६१) ती आई, जिच्या घराण्यात हसायचंच नाही. आणि 'प्रोफेसर' (१९६२), लेख टंडनचा. दार्जिलिंगची कडक मावशी, भाचरांना शिकवायला तरुण मास्तर चालणार नाही म्हणते, म्हणून शम्मी कपूर पांढरी दाढी लावून म्हातारा प्रोफेसर होऊन येतो, आणि होतं काय तर मावशीच त्या म्हाताऱ्यावर भाळते. थट्टेची जागा आहे, प्रौढ बाई प्रेमात पडली की आपल्या सिनेमात हसायचंच असतं, आणि शम्मी समोर धुमाकूळ घालतोय. ललिताबाई मात्र ते प्रेम खरं धरून चालतात. वर्षानुवर्षं कडक राहिलेल्या बाईच्या आवाजात हळूहळू मऊपणा यायला लागतो, स्वतःकडे लक्ष द्यायला लागते, लाजते, आणि आपण हसतोय पण कुठेतरी पोटात कालवतं की हिला खरं कळेल तेव्हा काय. शेहेचाळीस वर्षांची बाई एकतीस वर्षांच्या हिरोसमोर, खोट्या दाढीसमोर, खरी लाजते. माझ्या मते त्यांचं सर्वांत अवघड काम हे. याला बक्षीस मिळायला हवं होतं.

हृषिदांनी, म्हणजे हृषिकेश मुखर्जींनी, त्यांना पुन्हा पुन्हा घेतलं यावरूनही काहीतरी कळतं. १९६१ ला 'मेमदीदी', त्यात मध्यवर्ती भूमिकाच त्यांची, बरोबर डेव्हिड आणि जयंत, म्हणजे तीन कॅरेक्टर नटांच्या जिवावर काढलेला सिनेमा, आजच्या निर्मात्याला सांगून बघ! आणि १९७१ ला 'आनंद'मधली मेट्रन, तिचंही आडनाव परत डिसा. छोटी भूमिका, पण राजेश खन्ना इतका बोलतो त्या सिनेमात की समोर ऐकणारी माणसं चांगली नसती तर तो असह्य झाला असता. ऐकणं हेही काम असतं, हे तुला शूटिंगच्या तिसऱ्या तासाला कळेल, जेव्हा कॅमेरा तुझ्या पाठीमागे आहे, क्लोजअप हिरोचा चाललाय, आणि तू क्यू देतेयस, म्हणजे त्याला उत्तर देता यावं म्हणून तुझी वाक्यं म्हणतेयस. तेव्हा बऱ्याच जणी नुसती वाक्यं वाचतात, काही तर मोबाईल बघत. तिथे पूर्ण जीव लावून क्यू दिलास तर समोरच्याचं काम सुधारतं, आणि तो पुढच्या सिरियलला स्वतःहून तुझं नाव सांगतो. आमच्या धंद्यात निम्मी कामं अशीच मिळतात.

मग 'रामायण', १९८७, दूरदर्शन, रविवार सकाळ, मंथरा. वय सत्तरीपुढे. बहुतेकांना त्या एवढ्याच आठवतात. गंमत म्हणजे १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्येही मंथरा त्यांनीच केली होती, तिथे सुलोचनाबाई कैकेयी. सव्वीस वर्षांनी तीच भूमिका परत. मालिकेत पद्मा खन्ना कैकेयी, आणि तिचे कान भरायचा प्रसंग त्यांनी घाई न करता केलाय. कुबड, काठी, पांढरे केस, मेकअपनं एवढं दिलं की कुणीही वाहवत जाईल. त्या आधी राणीच्या सुखाची काळजी करतात, दाईसारखी, आणि विष त्या काळजीतून थेंब थेंब सोडतात. परत तेच बघ, सीन कैकेयीचा आहे, बदलायचंय तिला. मंथरेनं फक्त बदलवायचं.

शेवटची वर्षं पुण्यात औंधला होत्या, कर्करोग झाला, २४ फेब्रुवारी १९९८ ला गेल्या. त्या एकट्या असताना कशा गेल्या यावर जे चवीनं लिहितात ते मला सहन होत नाही, सोडून देते.

बघायचा क्रम विचारलास म्हणून. आधी 'मिस्टर अँड मिसेस ५५', मग 'सुजाता' आणि 'अनाडी' एका आठवड्यात, मग 'प्रोफेसर'. 'रामशास्त्री' मराठीत आहे, तो मिळेल तेव्हा बघ, कारण तिथे त्या तरुण आहेत आणि डोळ्याचं प्रकरण नुकतं झालंय. दर सिनेम्यात एक सीन निवड जो त्यांचा नाही, हिरोचा आहे, आणि त्यात फक्त त्यांनी काय केलं ते वहीत उतरव, हात, श्वास, कधी बघितलं, कधी बघायचं टाळलं. स्वतःच्या मोठ्या सीनमध्ये सगळेच बरे असतात.

आणि ऑडिशनला कुणी "ललिता पवार टाइप हवंय" म्हणालं, आणि म्हणतातच, अजूनही, तर विचार, कुठली हवीय, डिसा की बुआजी? बहुतेक ठिकाणी मंथरा असंच उत्तर येईल. येऊ दे. सीनचा कागद माग, आणि समोरच्याची वाक्यं आधी पाठ कर.